चिमटा आधी आतून सुधारा

काशीमिरा नाक्यावरून फाउंटनच्या चौकात आलात आणि उजवीकडे घोडबंदर रस्त्याला वळलात, की गायमुखच्या घाटापर्यंत मोटारसायकलच्या पुढच्या सस्पेन्शनची, म्हणजे चिमट्याची, पुरती कसोटी लागते. अवजड गाड्यांनी दाबून लाटा आणलेलं डांबर, मधेच पेव्हर ब्लॉकची ठिगळं, आणि उतारावर अचानक समोर थांबणारा कंटेनर. उजवीकडे न वळता सरळ वर्सोवा पूल ओलांडून वसईच्या दिशेला गेलात, तर डांबरावर चढवलेल्या काँक्रीटचे सांधे ठरावीक अंतराने मनगटात जाणवत राहतात. स्पोर्ट टुरिंग गाडी चालवणाऱ्यांकडून मी कायम ऐकतो ती तक्रार या दोन रस्त्यांनी नेमकी पकडली आहे: ब्रेक मारला की गाडी पुढून खाली बसते, आणि सांध्यावरून गेली की हाताला कडक लागते. एकच चिमटा एकाच वेळी मऊही आणि कडकही कसा असेल, असं वाटतं. पण तो असतो, आणि का असतो हे समजलं की कुठे पैसे घालायचे आणि कुठे नाही ते आपोआप कळतं.

साध्या चिमट्याच्या प्रत्येक पायात एक लांब स्प्रिंग, काही ऑइल आणि भोकं पाडलेली एक नळी असते. या नळीला मेकॅनिक डॅम्पर रॉड म्हणतात. चिमटा दबला की ऑइल त्या भोकांतून ढकललं जातं आणि त्यातून विरोध तयार होतो. हा विरोध वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला तर विरोध चौपट. इथे वेग म्हणजे गाडीचा नव्हे, चिमटा दबण्याचा. गायमुखच्या उतारावर ब्रेक दाबता तेव्हा चिमटा सावकाश दबतो, ऑइल भोकांतून सहज निसटतं आणि गाडी नाक खुपसते. काँक्रीटच्या सांध्याची धार लागते तेव्हा चिमटा क्षणार्धात दबू पाहतो, तेवढं ऑइल तेवढ्या भोकांतून जाऊच शकत नाही आणि तो धक्का थेट हँडलला येतो. जाड ऑइल घातलं तर नाक खुपसणं कमी होतं पण सांधे आणखी बोचतात. पातळ घातलं तर उलट. नुसतं ऑइल बदलून दोन्ही दुखणी जात नाहीत, हे आधी मनाशी धरावं.

आपल्याकडच्या गाड्यांमध्ये फरक मोठा आहे. चाकणला बनणारी बजाजची डोमिनार ४०० डिसेंबर २०१६ मध्ये बाजारात आली तेव्हा तिला ४३ मिलिमीटरचा साधा टेलिस्कोपिक चिमटा होता. २०१९ मध्ये तेवढ्याच जाडीचा उलटा चिमटा, म्हणजे जाड नळी वर आणि चकचकीत पाइप खाली असलेला, आला. दोन्हींत बाहेरून फिरवायचा एकही स्क्रू नाही. कावासाकी निंजा ६५० ला ४१ मिलिमीटरचा साधा चिमटा आहे, त्यालाही काही फिरवता येत नाही. निंजा १००० एसएक्सला मात्र प्रीलोड (स्प्रिंगला आधीच दिलेला दाब), कॉम्प्रेशन (दबतानाचा विरोध) आणि रिबाउंड (वर येतानाचा विरोध) या तिन्ही जुळवण्या मिळतात, आणि ती गाडी असणाऱ्यांनी एक रुपया खर्च करण्याआधी त्या जुळवण्या नीट वापरून पाहाव्यात. उलटा चिमटा दिसला म्हणजे आत चांगलं डॅम्पिंग आहे, असं समजू नका. उलट्या रचनेमुळे पुढचा भाग कमी वाकतो, एवढी खात्री देता येते. आतलं काम वेगळं.

आता अपग्रेडच्या आधीची तपासणी, आणि मीरा-भाईंदरमध्ये ही तपासणी इतर शहरांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. आपल्या एका बाजूला वसईची खाडी, दुसऱ्या बाजूला उत्तनचा समुद्र आणि मधे मिठागरं. ही खारी हवा चिमट्याच्या चकचकीत पाइपावर काम करत राहते. गाडी बिल्डिंगखाली उभी राहून राहून क्रोमच्या थरात बारीक खड्डे पडतात. डोळ्याला ते तपकिरी ठिपक्यांसारखे दिसतात, कधी दिसतही नाहीत. पाइप कोरड्या फडक्याने पुसा आणि अंगठ्याचं नख वरून खाली हळू ओढा. नख कुठेही अडखळलं तर तिथे खड्डा आहे, आणि तो खड्डा ऑइल सीलच्या रबरी ओठावरून दर वेळी वर-खाली जाताना त्याला थोडं थोडं कापतो. असा पाइप असताना नवं सील घातलं तर ते काही महिन्यांत पुन्हा गळणारच. ठिपका सील जिथवर पोहोचतं त्याच्या बाहेर असेल तर चालून जातं. आत असेल आणि खड्ड्याला टोकदार कड असेल तर पाण्याच्या बारीक पॉलिश पेपरने कड मारून घेता येते. खोल असेल तर पाइपावर पुन्हा हार्ड क्रोम करून घ्यावं किंवा पाइप बदलावा. ते न करता आत महागडं किट घालणं म्हणजे पैसे ऑइलबरोबर गळू देणं.

उलट्या चिमट्यात गळतीचा आणखी एक धोका आहे. तिथे सील खालच्या बाजूला असतं, त्यामुळे ऑइल ओघळून ब्रेकच्या कॅलिपरवर आणि पॅडवर उतरतं. पॅडला ऑइल लागलं की ते पुसून चालवायचं नसतं, पॅड बदलायचे. उत्तनला, गोराईला रपेट झाली की घरी येऊन चिमट्याचे पाइप गोड्या पाण्याने धुवा, मऊ फडक्याने पुसा आणि डस्ट सीलच्या कडेला साचलेली वाळू काढा. एवढ्याने सीलचं आयुष्य किती वाढतं, ते करून बघितल्यावरच पटतं.

त्यानंतर कोन सेट, म्हणजे स्टीअरिंगच्या दांड्याचे बेअरिंग. मधल्या किंवा पुढच्या स्टँडवर पुढचं चाक उचला आणि हँडल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. बरोबर मध्यभागी खटका जाणवला तर रेसमध्ये खाचा पडल्या आहेत, आणि तुम्हाला सस्पेन्शनचा वाटणारा अर्धा त्रास तिथला आहे. चाक पुढे-मागे ओढून पाहा. टकटक झाली तर कोन सेट ढिला आहे किंवा चिमट्याचे बुश गेले आहेत. टायरमधली हवा थंड असताना मोजा. गाडी कधी पुढून आपटली असेल तर पाइप वाकला आहे का, ते लेथवाल्याकडे फिरवून बघून घ्या. हे सगळं ठीक असेल तरच पुढे जायचं.

मग सॅग मोजायचा. सॅग म्हणजे तुम्ही बसल्यावर चिमटा स्वतःच्या एकूण चालीपैकी किती खाली बसतो, ते अंतर. कामाला तीन माणसं, एक मोजपट्टी आणि बिल्डिंगच्या पार्किंगमधली सपाट जागा पुरते. तिघंही भारतीय प्रथेप्रमाणे एकाच वेळी सल्ला देतात, म्हणून लिहून घेण्याचं काम आधीच एकावर सोपवा. पहिलं माप: पुढचं चाक हवेत, चिमटा पूर्ण ताणलेला. साध्या चिमट्यात डस्ट सीलपासून वरच्या क्लॅम्पच्या खालच्या कडेपर्यंत, उलट्यात सीलपासून खाली अॅक्सलच्या धातूच्या कडेपर्यंत. आता जॅकेट, हेल्मेट, बूट घालून नेहमीच्या बैठकीत गाडीवर बसा, एकाने मागून गाडी सरळ धरावी. दुसऱ्याने पुढचा भाग खाली दाबून हळूच सोडावा. गाडी जिथे थांबेल तिथे दुसरं माप. मग पुढचा भाग थोडा वर उचलून हळूच सोडावा आणि तिसरं माप घ्यावं. दुसरं आणि तिसरं माप सारखं येत नाही, कारण सील आणि बुश यांचं घर्षण मधे येतं. दोन्हींची सरासरी काढून ती पहिल्या मापातून वजा केली की तुमचा खरा सॅग मिळतो.

एक उदाहरण घेऊ. चिमट्याची चाल १२५ मिलिमीटर, निंजा ६५० ला असते तेवढी. पहिल्या मापाच्या तुलनेत गाडी एकदा ४८ मिलिमीटर खाली थांबली, एकदा ४०. सरासरी ४४, म्हणजे चालीच्या साधारण ३५ टक्के. रस्त्यावरच्या टुरिंगसाठी ३० ते ३५ टक्के हा चांगला पट्टा आहे, तेव्हा ही गाडी त्याच्या मऊ टोकाला आहे. डोमिनारच्या १३५ मिलिमीटर चालीला हाच पट्टा ४० ते ४७ मिलिमीटर होतो. दोन मापांत ८ मिलिमीटरचा फरक ठीक आहे. तो १५-२०च्या वर गेला तर चिमटा कुठेतरी अडकतो आहे: पाइप वाकलेला, बुश सुकलेले, किंवा चाक बसवताना अॅक्सल ताणात आवळलेला. या शेवटच्या कारणाचं औषध फुकट आहे. अॅक्सलचा पिंच बोल्ट ढिला करून, पुढचा ब्रेक धरून चिमटा काही वेळा जोरात दाबायचा, पाय आपल्या जागेवर येतात, मग बोल्ट आवळायचा.

प्रीलोडबद्दल गॅरेजमध्ये एक गैरसमज खोल रुजला आहे. प्रीलोड वाढवला की स्प्रिंग कडक होते, असं सांगितलं जातं. होत नाही. स्प्रिंग तीच राहते, फक्त गाडी पुढून उंच उभी राहते. मऊ स्प्रिंगवर प्रीलोड ठासून सॅग बरोबर आणता येतो, पण मग माणूस उतरल्यावर चिमटा जवळजवळ पूर्ण ताणून वर टेकतो आणि प्रत्येक उंचवट्यानंतर वरच्या टोकाला टक्कन लागतो. माणसासह सॅग बरोबर आणि रिकाम्या गाडीला सॅग जेमतेम, असं चित्र दिसलं की स्प्रिंग तुमच्या वजनाला कमी पडते, हे समजावं.

इथेच माझं मत स्पष्ट सांगतो. पहिला खर्च स्प्रिंगवर करा. कंपनीची स्प्रिंग मध्यम वजनाच्या एकट्या माणसाला धरून निवडलेली असते. तुम्ही ८५ किलोचे असाल, मागे जोडीदार आणि दोन्ही बाजूंना पिशव्या घेऊन मनोर-विक्रमगडमार्गे जव्हार किंवा मुरबाडवरून माळशेज गाठत असाल, तर कितीही महाग व्हॉल्व्ह घातला तरी त्या स्प्रिंगवर गाडी तोल सांभाळणार नाही. स्प्रिंगवर किलो प्रति मिलिमीटर किंवा न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये आकडा असतो, ०.९५ किलो आणि ९.५ न्यूटन जवळपास एकच. बदलताना ०.०५ किलोच्या एक-दोन पायऱ्यांनी वर जा, एकदम उडी मारू नका. लिनिअर घ्यावी की प्रोग्रेसिव्ह, यावर वाद होतात. प्रोग्रेसिव्ह स्प्रिंगचा मऊ भाग ब्रेक मारल्याबरोबर संपतो आणि वळणाच्या मध्यावर पुढचा भाग वेगळाच वागू लागतो. घाटात मला ते आवडत नाही. मी लिनिअर निवडेन. रोज एकटे ऑफिसला जाणारे आणि वर्षातून दोनदाच जोडीने फिरणारे असाल तर प्रोग्रेसिव्हने काही बिघडत नाही.

नवी स्प्रिंग आखूड असेल तर वर स्पेसर लागतो. जाड भिंतीचा पीव्हीसी पाइप कापून तो उत्तम बनतो, दोन्ही टोकांना स्टीलचा वॉशर हवा. दोन्ही तुकडे मिलिमीटरपर्यंत सारखे आणि टोकं काटकोनात कापलेली असली पाहिजेत.

स्प्रिंगसोबत ऑइल, सील आणि बुश बदला, कारण चिमटा उघडायची मजुरी एकदाच लागते. जुनं ऑइल ओतताना स्वतः उभे राहा. ते करडं आणि चंदेरी चमकीचं निघालं तर ती चमक म्हणजे घासलेला धातू. बुशच्या आतला राखाडी थर जाऊन तांबूस धातू दिसत असेल तर बुश संपला, मेकॅनिकने ‘चालेल’ म्हटलं तरी. ऑइलच्या डब्यावरच्या ५डब्ल्यू, १०डब्ल्यू या खुणांवर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. एका कंपनीचं १०डब्ल्यू दुसऱ्या कंपनीच्या १०डब्ल्यूपेक्षा बरंच वेगळं असू शकतं. ४० अंश सेल्सिअसला सेंटिस्टोक किती आहे, तो आकडा बघा आणि एकदा निवडलेलं ऑइल पुढेही तेच ठेवा.

ऑइल किती भरलं हे मिलिलिटरने नव्हे, पातळीने ठरवायचं. स्प्रिंग बाहेर, चिमटा पूर्ण दाबलेला, आतली हवा पंप करून काढलेली, आणि मग पाइपाच्या वरच्या कडेपासून ऑइलच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर पट्टीने मोजायचं. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हा आकडा असतो. वरची मोकळी हवा हीसुद्धा एक स्प्रिंगच आहे: चिमटा तळाकडे जातो तशी ती दाबली जाऊन कडक होते. ऑइल ५-१० मिलिमीटर वर घेतलं तर तळाला आपटणं कमी होतं आणि सुरुवातीचा मऊपणा फारसा जात नाही. जास्त भरलं तर सील बाहेर फेकलं जाईल. दोन्ही पायांत पातळी एकच हवी; मेकॅनिक ती पट्टीने मोजत नसेल तर तिथे काम देऊ नका.

एवढं करून बहुतेकांचं समाधान होतं, आणि मी तिथेच थांबायला सांगेन. तरीही सांध्यांचा धक्का खटकत असेल तर डॅम्पर रॉडच्या चिमट्यासाठी पुढची पायरी एम्युलेटरची. अमेरिकेच्या रेस टेकने हा प्रकार लोकप्रिय केला. रॉडच्या डोक्यावर बसणारा हा छोटा व्हॉल्व्ह सावकाश दाबाला लहान छिद्रातून ऑइल सोडतो आणि अचानक दाब आला की स्प्रिंगवरचं झाकण उघडून वाट मोकळी करतो. सुरुवातीला सांगितलेल्या दोन्ही तक्रारींवर एकदम इलाज करणारी ही स्वस्तातली वस्तू आहे. अट एवढीच, की रॉडची मूळ भोकं ड्रिलने मोठी करावी लागतात आणि ती पुन्हा लहान होत नाहीत. जुना रॉड जपून नवा विकत घेऊन त्यावर काम करा. उसळून वर येणं, म्हणजे रिबाउंड, मात्र अजूनही ऑइलच्या जाडीवरच अवलंबून राहतं.

त्यापुढे पूर्ण कार्ट्रिज किट, म्हणजे डॅम्पिंगचा आतला अख्खा संच. स्वीडनच्या ओलिन्ससारख्या कंपन्यांचं किट आयात कर धरून सहज लाखाच्या घरात जातं. ट्रॅकवर जाणाऱ्याला किंवा मोठ्या गाडीवर लांबचा पल्ला मारणाऱ्याला ते शोभतं. डोमिनारवर तो खर्च मला पटत नाही. आपल्या राज्यातच सस्पेन्शनचा मोठा उद्योग आहे, छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजची एन्ड्युरन्स आणि चाकणची गॅब्रिएल या त्यातल्या दोन कंपन्या. त्यामुळे देशी गाड्यांचे मूळ पाइप, बुश, सील अस्सल आणि परवडणाऱ्या भावात मिळतात. ते सोडून बिननावाचं आयात सामान घेण्याचं कारण नाही.

दुसऱ्या गाडीचा अख्खा उलटा चिमटा बसवून देणारे कारागीर मुंबईत भेटतात. त्यांच्या हाताला दाद देऊनही मी नको म्हणेन. क्लॅम्पचा ऑफसेट बदलला की चाकाचा ट्रेल बदलतो आणि गाडी सरळ धावण्याची सवय सोडते. अॅक्सल, कॅलिपर, एबीएसचा सेन्सर, हँडलचा लॉक, सगळं नव्याने जमवावं लागतं. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला बंधन आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते आणखी ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. तुमची पाटी ठाण्याची एमएच-०४ असो की मीरा-भाईंदरची नवी एमएच-५८, अपघातानंतर विमा कंपनी सर्वांत आधी हेच बघेल. चिमट्याच्या आतली स्प्रिंग आणि ऑइल बदलण्याने गाडीची रचना बदलत नाही, तरी सुट्या भागांची बिलं जपून ठेवा.

काम देताना गॅरेजमध्ये दोन गोष्टी नजरेने तपासा. चिमटा काढताना गाडी वरून, स्टीअरिंगच्या दांड्याला धरणाऱ्या स्टँडवर उचललेली हवी; चिमट्याखालून उचलणारा स्टँड तिथे निरुपयोगी. आणि काढलेला कॅलिपर होजवर लोंबत ठेवलेला नसावा, तारेने बांधून ठेवावा. वरचं झाकण उघडताना आतल्या स्प्रिंगचा ताण असतो, त्यावर तोंड वाकवून कोणी उभं राहू नये. क्लॅम्पचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळून घ्या.

गाडी हातात आली की एक ठरलेला फेरा लावा. गोल्डन नेस्ट, काशीमिरा, घोडबंदर रस्त्याने गायमुख आणि परत, हा धक्क्यांसाठी चांगला आहे. भाईंदर पश्चिमेहून मुर्धा, राई, मोर्वामार्गे उत्तनचा रस्ता सावकाश वळणांसाठी आणि गावातल्या गतिरोधकांसाठी. भल्या पहाटे जा, तेवढीच रहदारी कमी. चिमट्याच्या पाइपाला सीलजवळ एक प्लास्टिकची झिप टाय सैल बांधा. जिथे ती सरकून थांबेल तिथवर चिमटा दबला. घाटातल्या सर्वांत जोरदार ब्रेकनंतर १०-१५ मिलिमीटर चाल शिल्लक असेल तर जुळवणी बरोबर बसली. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. स्क्रू असलेल्या गाडीत तो आधी हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन क्लिक मोजा, म्हणजे मूळ जागेला परत येता येईल.

जोडीने निघताना मागचा प्रीलोड आधी वाढवा. सामान मागच्या अॅक्सलच्या मागे टांगलं की मागचा भाग दबतो, पुढचा उचलला जातो, हँडल हलकं लागतं आणि माणूस दोष पुढच्या चिमट्याला देतो. टॉप बॉक्समधलं जड सामान बाजूच्या पिशव्यांत खाली आणा. परतल्यावर प्रीलोड मूळ जागी आणा, आणि पावसाळा संपला की ऑक्टोबरमध्ये पाइपावर पुन्हा एकदा नख फिरवून बघा. चिमट्याचं ऑइल दोन वर्षांनी किंवा साधारण २०,००० किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा, बदला. रोज खाडीकाठच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी दोन वर्षांचीच मर्यादा पाळावी.